चिलटांची वेळ

त्यांनी माझ्याशी काढलेले पहिले शब्द होते, "बाई, तोंड मिटा."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नदीपलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागून तीनच दिवस झाले होते आणि संध्याकाळी सायकलवरून कोल्हापूरला परत निघाले होते. पुलाच्या तोंडाशी हे गृहस्थ मागून आले, त्यांनी सायकल माझ्या बरोबरीला आणली आणि ना ओळख ना पाळख, एकदम हे असं बोलले. मी शिवाजी पेठेतली. कुणाचं ऐकून घेणं आमच्या रक्तात नाही. "तुम्ही कोण मला सांगणार?" असं विचारायला मी तोंड उघडलं आणि 'तुम्ही'वरच अडकले. तोंडात चिलटं गेली होती. एक-दोन नव्हेत, चांगली मूठभर. नाकात, डोळ्यांत, केसांत, सगळीकडे. खोकत, थुंकत मी सायकलवरून उतरले आणि पुलाचा कठडा धरून उभी राहिले.

ते गृहस्थ पुढे गेले नाहीत आणि हसलेही नाहीत. पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "चूळ भरा. डोळा मातर चोळू नका. गिळलं असलं तर असू दे, त्यानं काय हुईत न्हाय. मी लई गिळल्यात."

ते आमच्याच शाळेतले चित्रकलेचे मास्तर होते. शिक्षकांच्या खोलीत ते कधी बसायचे नाहीत, म्हणून तीन दिवसांत मला दिसले नव्हते. पन्नाशी ओलांडलेले, उंच, किडकिडीत. मुलं त्यांना ड्रॉइंग मास्तर म्हणायची आणि सगळा गाव नुसतं मास्तर. मीही पुढे मास्तरच म्हणत राहिले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण संध्याकाळी उजेड पिवळा व्हायला लागला की अजून माझे ओठ आपोआप मिटतात.

त्यांचा पोशाख पहिल्यांदा बघणारा माणूस वळून वळून बघायचा. मातकट रंगाचा लांब कोट, उन्हाळ्यातसुद्धा. पँटचे पाय सुतळीनं बांधलेले. डोळ्यांवर बिननंबरचा चष्मा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चामड्याची झापडं. ही झापडं त्यांनी स्वतः शिवली होती. चप्पल करणाऱ्या एका कारागिराकडून उरलेले तुकडे आणायचे, भिजवायचे, ठोकून पातळ करायचे आणि चष्म्याच्या काड्यांना टाचायचे. पोरं त्यांना मागून टांग्याचं घोडं म्हणायची. मास्तरांना ते ठाऊक होतं. "घोड्याला झापडं लावत्यात ती त्येनं इकडंतिकडं बघू न्हाय म्हणून," ते म्हणायचे. "माझी झापडं म्हंजे, इकडनंतिकडनं कुठलं चिलट माझ्या डोळ्यात बघू न्हाय म्हणून."

रंगांबद्दल तर त्यांचे कडक नियम होते. पिवळा रंग सायकलवर बंद. पांढरा दिवस मावळायच्या आत चालेल, नंतर नाही. एकदा आईनं हौसेनं घेतलेली पिवळीधमक साडी नेसून मी निघाले. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर मास्तर रोज माझ्यासाठी थांबायचे. साडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला, पण बोलले नाहीत. शाळेत पोचेपर्यंत ज्वारीवरचा मावा माझ्या पदरावर असा काही बसला होता की साडीवर बुट्ट्या काढल्यासारखं दिसत होतं. मी विज्ञानाची पदवीधर. कीटकांना पिवळा रंग ओढून घेतो हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते साडी नेसताना आठवावं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ही नोकरी मला सहजासहजी मिळालेली नव्हती. आमच्या आबांच्या म्हशी होत्या. पहाटे दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून ते पेठेत रतीब घालायचे आणि उरलेला दिवस तालमीत काढायचे. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा माणूस उत्तर द्यायचा. लेकीनं शिकावं इथपर्यंत त्यांची तयारी होती. तिनं सायकलवरून रोज साडेपाच मैल परगावी जावं ही गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हती. आठ दिवस घरात धुसफुस झाल्यावर ते म्हणाले, "जा. पर एक ध्येनात ठेव. तुझ्याबद्दल एक शबूद जरी माझ्या कानावर आला, त्या दिवशी सायकल माळ्यावर." एस.टी. त्या गावात शाळेची घंटा होऊन तासाभरानं पोचायची. म्हणजे सायकल माळ्यावर गेली की नोकरीही गेली, आणि नोकरी गेली की पुढच्या महिन्यात मी बोहल्यावर उभी असणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला शिकवायचं होतं. दुसरं काही नको होतं. म्हणून जीव मुठीत धरून मी ती सायकल चालवत होते.

मास्तर बरोबर असतात हे आबांना माहीत होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आमच्या तालमीत मोहरमला पंजे बसतात आणि भिंतीवर मारुतीचं चित्र आहे. ते चित्र दर दोन वर्षांनी मास्तरच नव्यानं रंगवायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलेलं. आबा त्यांना मान द्यायचे. फक्त हा माणूस थोडा सरकलेला आहे, असं त्यांचं मत होतं. पहिले काही महिने माझंही तेच होतं.

हे मत बदललं ते हिवाळ्यात, गुऱ्हाळं सुरू झाल्यावर. त्या दिवसांत रस्ताभर कढत्या रसाचा वास असायचा. तो वास नाकात घेत सायकल मारताना आपण जागे आहोत की झोपेत हे कळायचं नाही. एका सकाळी अशीच तंद्रीत चालले होते आणि झंपरच्या बाहीत काहीतरी शिरलं. गांधीलमाशी. मी किंचाळले आणि हात झटकणार, तोच मागून मास्तरांचा आवाज आला. दळणाचा डबा कुठं ठेवू असं विचारावं तसा शांत. "बाई, थांबू नका. पायडल मारत ऱ्हावा. हात हँडलवर, ताठ. ती चुकून आलीया, तिला तुमच्यापेक्षा जास्त घाबरायला झालंय. वारं आत जाऊ द्या." मी रडकुंडीला येऊन पायडल मारत राहिले. बाही वाऱ्यानं फुगली. ती तिथं चालत होती, मला तिचा एकेक पाय कळत होता. मग कोपराशी आली आणि निघून गेली. चावली नाही. मास्तर बरोबरीला येऊन म्हणाले, "बघा. गेली की घरला." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मनापासून नमस्कार केला.

किड्यांबद्दल ते शत्रूसारखं कधी बोलले नाहीत. एकदा वैतागून मी चिलटांना शिव्या घातल्या, तर म्हणाले, "ती कुठं आपल्या घरात आल्यात? ती त्यांच्या घरात हाईत. आपुन सायकल घालतोय त्यांच्या सोप्यातनं. कुणाच्या सोप्यातनं जाताना मान खाली घालून, गप जायचं असतंय."

उसावरच्या पाकोळ्यांचा हंगाम आला की त्यांच्या कोटाची गंमत सुरू व्हायची. उसाच्या पानांचा रस शोषणाऱ्या, वाळक्या पानाच्या रंगाच्या त्या बारीक पाकोळ्या कोटावर येऊन बसायच्या. मास्तर झटकायचे नाहीत. शाळेत पोचले की कोट काढून फाटकाच्या खांबाला लावायचे आणि त्याच्यापुढे उभे राहून बघायचे, एखादं पत्र वाचावं तसे. कुठल्या वळणावर कुठली बाजू रानाकडे होती, कुठं वारा कसा होता, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मग एखाद्या पोराला म्हणायचे, "तुझ्या बाला सांग, वड्याकडंच्या उसात पाकोळी आलीया. पानं उलटी करून बघ म्हणावं." सुरुवातीला गावानं चेष्टा केली. मग एका शेतकऱ्यानं जाऊन पानं उलटी केली. त्यानंतर सकाळी फाटकाशी दोन-चार फेटेवाले उभे असायचे, आणि मास्तर कोट काढेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

पण खरी गोष्ट पुलाची.

दिवस मावळायच्या सुमाराला पुलाच्या दोन्ही अंगांनी चिलटांचे खांब उभे राहायचे. माणसाच्या उंचीचे, जागच्या जागी वरखाली होणारे, चाळणीतून पीठ पडत राहावं तसे. सूर्य आमच्या पाठीशी असायचा. आमच्या सावल्या पुढे लांबच लांब पसरायच्या आणि आम्ही पोचायच्या आधी त्या खांबांमधून पलीकडे निघून जायच्या. खाली पाणी हलायचं नाही. लोक दिवेलागण म्हणतात, मास्तर म्हणायचे, "चिलटांची वेळ झाली."

या वेळेसाठी त्यांची एक युक्ती होती. नुसतं तोंड मिटून भागत नाही, श्वासाबरोबर चिलट नाकात जातंच. म्हणून पुलावर चढण्याआधी छाती भरून श्वास घ्यायचा आणि पूल संपेपर्यंत तो नाकावाटे सोडत राहायचा, सूर धरून. ओठ मिटलेले आणि आतून एकच लांब "म्". वारा बाहेर येत राहिला की चिलट आत शिरत नाही. पूल फार मोठा नव्हता, पण एका श्वासात काही पार व्हायचा नाही. मध्ये जिथं कठड्याला भगदाड होतं तिथं वारा असायचा, चिलटं नसायची. तिथं दुसरा श्वास घ्यायचा. "सूर कुठला लावायचा?" मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "शाळेची घंटा दिल्यावर मागं काय उरतंय बघा. त्यो."

मी आधी मनात हसले आणि मग करून बघितलं. खरोखर एकही चिलट नाकात गेलं नाही. पण ते कारण दोन-चार दिवसच टिकलं. नंतर मी त्या सुरासाठीच पुलाची वाट बघायला लागले. दिवसभर चाळीस पोरांपुढे ओरडून घसा बसलेला असायचा. पुलावर चढलं की मास्तरांचा सूर पुढून यायचा, माझा त्याला जाऊन मिळायचा आणि चाकं, पाणी, उजेड सगळं त्या एका सुरात मावायचं. मी कोण, कुणाची, पुढे माझं काय होणार, यातलं काही त्या वेळात आठवायचं नाही. मास्तर पुलावर नेहमी पुढे असायचे. पुढचा माणूस चिलटं अंगावर घेतो आणि मागच्याला वाट मोकळी होते, हे माझ्यासारख्या विज्ञानाच्या बाईच्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं.

ईदला मी त्यांच्या घरी शिरखुर्मा खायला गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकोनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "घरात माशी आली तर हे पंच्यानं हळूच बाहेर घालवत्यात. आन् रोज येऊन डोळं धुतात गुलाबपाण्यानं. लाल गुंज असत्यात. कशापायी रोज पुढं हुतात, काय कळत न्हाय." मला कळलं होतं. मी वाटीत बघत राहिले.

पुलाच्या शहराकडच्या टोकाला एक चहाचं हॉटेल होतं. तिथल्या बाकांवर रिकामी माणसं बसलेली असायची. त्यांना रोज काय दिसत होतं, याचा आम्ही दोघांनी कधी विचारच केला नाही. एक तरुण मास्तरीण आणि एक पिकला मास्तर, रोज तिन्हीसांजेला, पुलावरून सूर लावत येतात. चिलटांचा विचार करायला त्यांना काय पडलं होतं? तिथं चहा प्यायला थांबलेले माझे एक चुलते ती बातमी घेऊन घरी आले. "दूधवाल्याची पोरगी डाव्या हाताच्या मास्तरसंगं पुलावर गाणी म्हणत येती, असं बोलत्यात लोक." मास्तर डावखुरे होते, एवढं मात्र लोकांनी बरोबर टिपलं होतं.

मी घरी पोचले तेव्हा आबा गोठ्याच्या दारात उभे होते.

"गाणी म्हणतीस?"

"गाणी न्हाईत आबा, चिलटं..."

"काय?"

मी समजावून सांगायला लागले. श्वास, हवेचा दाब, नाकपुड्या, घंटेचा सूर. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती येडगळ वाटतंय. आबांनी सगळं ऐकून घेतलं, ही त्यांच्या बाबतीत मोठी गोष्ट. मग म्हणाले, "मास्तरबद्दल माझं काय म्हणणं न्हाय. तुझ्याबद्दलबी न्हाय. पर लोकांची तोंडं मी कुठं धरू? काय ठरलंतं आपलं?"

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी माझ्याकडून, माझ्याच हातानं राजीनामा लिहून घेतला. कागदावर पाणी पडू नये म्हणून मी मान वर धरून लिहिला. आई भाकरी थापत होती, तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तिला बघवलं नसेल.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्याबरोबर निघाले, दुधाची सायकल घेऊन. रिकाम्या किटल्या काढायचंही त्यांना सुचलं नाही. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर मास्तर थांबले होते. आबांना बघून त्यांनी सलाम केला. आबांनी मान हलवली. मग साडेपाच मैल किटल्यांशिवाय कुणी बोललं नाही.

हेडमास्तर नेमके कोल्हापूरला शिक्षण खात्यात गेले होते. कारकून म्हणाला, माझ्याकडं द्या. आबा म्हणाले, "त्यांच्याच हातात देणार." आणि ते माझ्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन बसले. मी त्या दिवशी हृदयाचे कप्पे शिकवत होते. शेवटचा दिवस म्हणून शिकवत होते. खडू दोनदा मोडला. मध्येच बाहेरून आवाज आला, "जरा मोठ्यानं बोल, मागच्या पोरास्नी ऐकाय येत न्हाय." वर्ग हसला. मी मोठ्यानं बोलायला लागले.

संध्याकाळपर्यंत हेडमास्तर आले नाहीत. राजीनामा आबांच्या खिशातच राहिला आणि आम्ही तिघं परत निघालो. पूल दिसायला लागला तसा आबांचा दिवसभर कोंडलेला राग वर आला. ते सायकल दामटत मास्तरांच्या बरोबरीला गेले.

"पैलवान," मास्तर हळू म्हणाले, "आता जरा तोंड मिटायचं."

"मी मिटू? मी?" आबा कडाडले. "मास्तर, आमचा मारुती रंगवलाय तुमी, म्हणून मान राखून बोलतोय. पर माझ्या पोरीचं नाव त्या हॉटेलात..."

तेवढ्यात ते खांबात शिरले. पुढचं वाक्य चिलटांनी खाल्लं. आबा ठसकले, हँडल सुटलं, सायकल कठड्याला जाऊन घासली आणि किटल्यांचा असा काही खणखणाट झाला की खालच्या पाण्यातले बगळे उडाले. मी सायकल टाकून धावले. आबांना लागलं नव्हतं. पण एक डोळा मुठीनं चोळत ते गोल गोल फिरत होते. जन्मभर पहाटेच्या गारठ्यात दूध घातलेला माणूस, त्यांची चिलटांशी कधी गाठच पडली नव्हती.

"चोळू नका," मास्तर म्हणाले आणि त्यांनी आबांचा हात धरला. तालमीत आबांचा हात धरायची कुणाची छाती नव्हती. "चोळलं की ते फुटतंय आन् डोळा आठ दिवस जाळतंय. खाली बसा. बाई, स्वच्छ कागद हाय का? माझ्या रुमालाला रंग हाय."

मी पिशवी चाचपायला लागले. आबांनी डोळे मिटूनच खिशात हात घातला आणि कागद काढून पुढे धरला. मला तो कुठला ते दिसत होतं. मी माझी पिशवी मिटली. मास्तरांनी त्याचा कोपरा फाडून उरलेला कागद आबांना परत दिला, कोपरा बोटांत फिरवून त्याची वात केली, अंगठ्यानं पापणी उलटी केली आणि दुसऱ्या क्षणी वातीच्या टोकावर काळा ठिपका होता. त्यांनी तो आबांना दाखवला.

"एवढंच हुतं?" आबा म्हणाले.

"एवढंच असतंय. आता सूर धरा. न्हाईतर पूल संपंस्तोवर अजून धा जातील. तोंड मिटून, नाकातनं. बाई करत्यात बघा, तसं."

मी सूर लावला. मास्तरांनी त्यांचा मिळवला. आम्ही परत सायकलींवर बसलो. मग माझ्या मागून एक खर्जातला घुमारा सुरू झाला, आखाड्यात शड्डू ठोकल्यावर छातीत घुमतो तसा, आणि रिकाम्या किटल्याही त्याच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. मास्तर पुढे, मी मध्ये, आबा मागे. तीन लांब सावल्या चिलटांमधून पुढे जात होत्या. त्या दिवशीचा उजेड मला अजून जसाच्या तसा आठवतो. माझं सगळं आयुष्य त्या वेळी आबांच्या खिशात चोळामोळा होऊन पडलं होतं, आणि तरी मला इतकं शांत वाटत होतं की तो पूल संपू नये असं वाटलं.

हॉटेलातली माणसं रस्त्यावर येऊन बघत होती. आबा तिथं मुद्दाम उतरले. एक डोळा लाल, मिशीत चिलटं. "काय बघताय? चिलटं हाईत पुलावर, चिलटं! जावा की तुमीबी गप्पा मारत, मग कळंल." कुणीतरी हसलं. मग आबाच हसायला लागले, आणि मग सगळे.

सकाळी मी उठले तेव्हा आबा रतीब घालायला गेले होते. कोपरा फाटलेला राजीनामा चुलीजवळ काटक्यांवर पडला होता आणि माझी सायकल पुसून दारात लावली होती. आई म्हणाली, "बघतीस काय? उशीर हुईल."

मी उडतच रंकाळ्याच्या कोपऱ्यावर गेले. मास्तर तिथं नव्हते.

ते शाळेत भेटले. "आजपासनं मी धा मिनटं आधी निघणार, बाई," ते कोटाकडे बघत म्हणाले. "येतानाबी आन् जातानाबी."

"पण आबांनी तर..."

"आबा एक दिवस आलं. लोक रोज हाईत. तुमची नोकरी ऱ्हायला पायजे. आता तुमाला सगळं येतंय की."

मला इतका राग आला की मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. लोकांना घाबरणारा माणूस, असं मी मनातल्या मनात त्यांना म्हणून घेतलं. संध्याकाळी एकटीनं पूल ओलांडताना सूर नीट लागेना. पुढून येणारा तो दुसरा सूर नव्हता.

आठवडा झाल्यावर एका संध्याकाळी पुलावरून उतरताना मला दिसलं. हॉटेलाच्या बरंच पुढे, बाभळीखाली, मातकट कोट वाकून सायकलच्या चाकात हवा भरत होता. मी पूल सोडला तसा तो उठला, पंप सायकलला अडकवला आणि मागे न बघता निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी डोळे ताणून बघितलं, तर पंपाची नळी चाकाला लावलेलीही नव्हती. रागाचं कुठल्या कुठे पाणी झालं. पण मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर दुसऱ्या दिवसापासून ते तेवढंही थांबले नसते.

असं सहा वर्षं चाललं. मी कायम झाले. माझं लग्न जमलं, तेही सायकल आणि शाळा सुटणार नाही या अटीवर. ती अट आबांनीच घातली, आणि तीही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. रोज संध्याकाळी माझा सूर पुलावरून उतरला की तो कोट उठायचा. शाळेत आम्ही फळ्यांच्या रंगावर बोलायचो, परीक्षेवर बोलायचो. बाभळीचा विषय कधी निघाला नाही.

मास्तर निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली, त्यांनी सगळ्यांना बुंदी वाटली आणि कोट खांद्यावर टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुलावर आले. आज बाभळीखाली कुणी नसणार हे मला ठाऊक होतं. सूर लावला, पण भगदाडापाशी पोचायच्या आत श्वास संपला.

पुलावरून उतरले तर बाभळीखाली कुणीतरी वाकून हवा भरत होतं. फेटा होता. शेजारी किटल्या होत्या. मी पूल सोडला तरी ते उठले नाहीत, भरतच राहिले. मी जवळ जाऊन उतरले. चाक फुटायला आलं होतं.

"हवा गेलती," आबा म्हणाले.

"पंप कुणाचा हा?"

"मास्तरचा. काल घरला आलते. म्हणालं, पैलवान, माझं झालं, आता तुमी. बाभळीखाली थांबायचं, पोरीनं पूल सोडला की उठायचं आन् मागं न बघता निघायचं." आबांनी नळी काढली, पंप हातात उलटासुलटा करून बघितला. "सहा वर्सं जमलं म्हणं त्यास्नी, मागं न बघायचं. मला आज पयल्याच दिवशी जमलं न्हाय बघ."

आबांनी पंप किटल्यांच्या मध्ये नीट बांधला आणि आम्ही दोघं फुलेवाडीवरून घरच्या रस्त्याला लागलो.